जसंच्या तसं

त्या घराची बेल दाबली की आत काही वाजत नसे, लाल दिवा लागत असे. एक दिवा बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात आणि एक न्हाणीघराच्या दारावर. वडिलांनी ते स्वतःच्या हातानं बसवले होते. आई आणि वडील दोघंही जन्मापासून ठार बहिरे होते आणि घरात कान असलेलं माणूस एकच, ते म्हणजे त्यांची मुलगी. ही मुलगी बोलायला लागली आणि मग तिनं मागे वळून पाहिलंच नाही. दुकानदाराशी, घरमालकाशी, शाळेतल्या बाईंशी तिघांच्या वाटचं ती एकटी बोलायची. जिन्यावरच्या शेजाऱ्यांनी तिला मैना म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं.

त्या संध्याकाळी मैना कामावरून आली आणि तिनं बेल दाबली. दाराखालच्या फटीतून रोज लाल तिरीप दिसायची, ती दिसली नाही. तिनं पुन्हा दाबली. किल्ली लावून पाहिली तर कुलूप उघडलं, पण दार उघडेना. आतून कडी होती. मैना बाहेर असताना आई कधीच कडी लावत नसे. तिनं मोबाइलवर मेसेज टाकला, मग आणखी एक. मेसेज पोचल्याची खूण आली, वाचल्याची आली नाही. हाका मारण्यात अर्थ नव्हता, आणि दार बडवलं असतं तर शेजारी जमले असते, आई आली नसती.

जिन्याखाली सगळ्या इमारतीचे मीटर होते. ती धावत खाली गेली आणि आपल्या घराचा मेन स्विच बंद केला, चालू केला, बंद केला, चालू केला. ही घरातली जुनी रीत होती. वडील किल्ली विसरले की असंच करायचे, आणि घरात अंधार-उजेडाचा खेळ सुरू झाला की आईला कळायचं, दाराबाहेर कोण गाढव उभं आहे ते. मैना वर आली, दाराला कान लावून उभी राहिली. आत काही हललं नाही. ती परत खाली गेली, परत वर आली. मग कडी सरकल्याचा आवाज आला.

आई दारात उभी होती. केस नीट विंचरलेले, अंगात बाहेर जायचा स्वेटर, पाय मात्र अनवाणी. मागची खोली कुणी पाहुणे यायचे असावेत तशी आवरलेली. टेबलावर कपाटातले कपडे घड्या करून मांडले होते, वडिलांचे एकीकडे, आईचे एकीकडे. शेजारी तिन्ही लाल बल्ब फडक्यावर काढून ठेवलेले. हे काय, म्हणून मैनानं विचारलं. डोळ्यांना त्रास होतो, असं आईच्या हातांनी सांगितलं, आणि मग ते हात स्वेटरच्या खिशात गेले.

इतरांच्या घरी माणूस गप्प झालं की म्हणतात, तोंडाला कुलूप लावलंय. इथे ते कुलूप खिशात होतं. गेल्या वर्षी वडील गेले, तेव्हापासून आईचे हात दिवसचे दिवस तिथेच असायचे. आधी ही बाई अशी नव्हती. वडील छापखान्यात यंत्रावर होते आणि आई त्याच छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात, छापील कागदांच्या घड्या सुईदोऱ्यानं शिवायच्या कामावर. यंत्रांच्या खडखडाटात कान असलेली माणसं एकमेकांच्या कानात ओरडून घसा बसवून घ्यायची, आणि ही दोघं खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात गप्पा हाणायची. घरी तर विचारूच नका. जेवण गार व्हायचं पण हात थांबायचे नाहीत. भांडण जुंपलं की टेबलावरचा पेला पडणार हे ठरलेलं. लोक त्याला हातवारे म्हणत. हातवारे भूत पाहिलेला माणूस करतो. ही भाषा होती, आणि त्या भाषेत वडिलांइतक्या शिव्या शहरात दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या.

आईनं मध्यंतरी आपली घडी दाबायची हाडाची पट्टी खात्यातल्या शेजारणीला देऊन टाकली होती. लग्नाच्या आधीपासूनची पट्टी, ती कुणाला हातसुद्धा लावू द्यायची नाही. शेजारणीनं मैनाला सांगितलं तेव्हा मैनानं स्वतःची समजूत घातली होती, की आई नवी घेणार असेल. आता ते कपडे आणि ते बल्ब पाहून तिला कसलीच समजूत घालता येईना. तिनं बल्ब परत लावले, आई तोंड धुवायला गेली तेवढ्यात कडीचे स्क्रू काढले आणि कडी आपल्या पर्समध्ये टाकली. तेव्हापासून रोज जिना चढताना तिचा जीव टांगणीला लागलेला असे. दिवा लागेल, पण तो पाहून कुणी उठेल का?

मावशी ही आईची धाकटी बहीण. कान शाबूत, तोंड त्याहून शाबूत. ती म्हणाली, हवापालट कर, घराला रंग दे, आणि हे बाहेर कुणाला बोलू नकोस, झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरकडे नेलंस की वेडाचा शिक्का बसतो, मग धुऊन जात नाही. मैना डॉक्टरकडे नेण्याच्या हट्टावरून हलत नाही असं दिसलं तेव्हा मावशीनंच आपल्या एका मैत्रिणीला ज्याचा गुण आला होता असा माणूस शोधून काढला. शहर मोठं होतं. चपला दुरुस्त करणाऱ्यांपेक्षा मनं दुरुस्त करणाऱ्यांच्या पाट्या जास्त होत्या, आणि या माणसाची पाटी सगळ्यांत मोठी होती. तिच्यावर तो स्वतःला मनोगुरू म्हणवून घेत होता.

मनोगुरूंनी आईला समोर बसवलं आणि ती बहिरी आहे असं कळताच आवाज चढवला. बहिऱ्या माणसापुढे ओरडणारा माणूस नवीन नव्हे, पण हे गृहस्थ इतके ओरडले की बाहेरची बाई पाणी घेऊन आत आली. पेशंटला माझ्यापाशी एकटं सोडा, मी डोळ्यांतून बोलतो, असं ते म्हणाले. मैनानं चाचरत विचारलं की तुमच्याकडे लायसन्स आहे का. त्यांना हसू आलं. मनाला कसलं आलंय लायसन्स, म्हणाले. मोटार चालवायला लागतं, बंदूक बाळगायला लागतं, केस कापायचं दुकान काढायला लागतं, पण दुसऱ्याच्या मनात बुटांसकट शिरायला यांच्या मते काही लागत नव्हतं. भिंतीवर प्रमाणपत्रं होती. त्यांतल्या सर्वांत मोठ्या प्रमाणपत्रावर खाली सही त्यांचीच होती.

आईनं खिशातून एक हात बाहेर काढला. या माणसाचं तोंड गटारासारखं उघडतं आणि तसाच वासही येतो, असं ती म्हणाली. कित्येक महिन्यांत तिनं केलेली ती पहिली थट्टा. "काय म्हणतायत त्या?" मनोगुरूंनी उत्सुकतेनं विचारलं. मैना म्हणाली, आई म्हणतेय, आम्ही विचार करून कळवतो.

मैनाचं हे असंच होतं, लहानपणापासून. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तुमची मुलगी खोटं फार बोलते, तर हिनं हातांनी सांगितलं, बाई म्हणतात मी फार छान बोलते. घरमालक म्हणाला, या मुक्यांना काढून टाकतो, तर हिनं सांगितलं, मालक विचारतोय नळ गळत नाही ना. यात तिचा स्वार्थ क्वचितच असायचा. आजारी माणसाला वाढताना आमटीतली मिरची काढावी तशी ती जगाच्या बोलण्यातली मिरची काढून मग ते आईबापांना वाढायची. पुढे नोकरीही तशीच मिळाली. एका वॉशिंग मशीनच्या कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. गिऱ्हाईक आईबहिणीवरून शिव्या द्यायचं, आणि मैना वर कळवायची, ग्राहक किंचित नाराज आहेत.

मनोगुरूंच्या जिन्यावरून उतरताना तिनं कानाला खडा लावला. आता लायसन्स नसलेल्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. सरकारी परिषदेच्या वेबसाइटवर नोंदणी झालेल्या मानसशास्त्रज्ञांची नावं नंबरांसकट होती. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मागच्या जिन्यात उभी राहून ती एकेकाला फोन करू लागली. दिवसभर लोकांना थांबायला सांगणारी मैना आता स्वतः थांबून संगीत ऐकत होती. कुणी कित्येक महिन्यांनंतरची वेळ देत होतं. कुणी म्हणालं, त्या बोलत नाहीत तर उपचार कशावर करायचा? बोलतात, हातांनी बोलतात, मैना म्हणाली. पलीकडून उत्तर आलं की आमच्याकडे तशी सोय नाही. एकानं सुचवलं, लिहून आणा. आईला लिहिता यायचं, पण कागदावर तिची भाषा मोडकीतोडकी व्हायची. मी कागदावर मूर्ख दिसते, असं ती म्हणायची, आणि आपलं दुःख मूर्खासारखं मांडायला ती तयार नव्हती.

दुभाषी आणला तर चालेल, असं दोघा-तिघांनी सांगितलं. पण अख्ख्या शहरात खात्रीचे दुभाषी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ते सगळे बहिऱ्यांच्या क्लबात येणारे. आईनं साफ नकार दिला. उद्या क्लबात प्रत्येकाच्या हातावर माझं नाव असेल, म्हणाली. मग एकदम मैनाच्या हनुवटीला बोट लावून म्हणाली, तू बोल, नाहीतर राहू दे. राहू दे म्हणताना तिचा हात इतका सहज खाली पडला की मैनानं दुसऱ्या दिवशी यादीतले उरलेले सगळे नंबर फिरवले.

ज्या बाईंचा फोन शेवटी उलट आला त्या आवाजावरून वयस्क वाटत होत्या आणि त्यांना सर्दी झाली होती. नात्यातलं माणूस दुभाषी म्हणून घ्यायचं नाही असा माझा नियम आहे, त्यांनी सरळ सांगितलं. मैना जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. सगळ्या फोनांवरून फिरून आता हेही दार बंद होणार, असं तिला दिसत होतं. बाईंनी मात्र फोन ठेवला नाही. त्यांनी विचारलं, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?"

सगळ्या जगाचं बोलणं इकडचं तिकडे करणाऱ्या मैनाला तो एक शब्द तोंडातून काढता येईना. "बल्ब," ती कशीबशी म्हणाली. मग तिनं बल्ब, कडी, हाडाची पट्टी, टेबलावरचे कपडे असं सगळं तुटक तुटक सांगितलं. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, आज संध्याकाळी आईंना क्षणभरही एकटं सोडू नका आणि उद्या सकाळी घेऊन या, नियमाचं मी बघते.

बाईंची खोली टायरच्या दुकानावर होती. जिन्यात रबराचा वास आणि वर एक साधी खोली, तीन खुर्च्या, एक टेबल. लायसन्स दाराशेजारी डोळ्यांच्या उंचीवर टांगलेलं होतं. मैनानं मोबाइल काढून नंबर ताडून पाहिला आणि मग शरमली. बघा, त्यासाठीच तिथे लावलंय, असं बाई म्हणाल्या. त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. आई खुर्चीत बसली आणि तिनं हातानं दाखवलं की यांचं तोंड अंधारात आहे. मैनानं भीत भीत तसं सांगितलं. बाई उठल्या, खुर्ची उजेडात ओढली आणि पुन्हा बसल्या. आईनं मान डोलावली. मनोगुरूंपेक्षा हे बरं चाललंय, असं मैनाला वाटलं.

"एक गोष्ट," बाई मैनाला म्हणाल्या. "आई म्हणतील मी, तर तुम्हीही म्हणा मी. काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. जसंच्या तसं. जमेल?"

मैनानं हो म्हटलं. आधी झोपेचं, खाण्याचं, कामाचं बोलणं झालं. आईचे हात संथ चालत होते, पण चालत होते, आणि मैना इमानानं बोलत होती. मग बाईंनी आईच्या डोळ्यांत पाहत विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

मैनाचे हात वर आले आणि हवेतच थबकले. हा प्रश्न आपणच आईला विचारायचा? एखाद्याच्या हातात सुरी द्यावी तसा? आणि आईनं तोपर्यंत तो विचारच केला नसला तर? तिनं बोटांनी विचारलं, खूप थकायला होतं का? आईनं तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, हो, रोज.

"हो, रोज थकवा येतो," मैना म्हणाली.

आईनं टेबलावर थाड्कन तळहात आपटला. खाली टायरवाल्यांची हातोडी क्षणभर थांबली. आईचे हात सुटले ते असे सुटले, की वडील गेल्यापासून मैनानं ते तसे पाहिले नव्हते. मैना नुसती बघत राहिली.

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. आई जरा..."

"जसंच्या तसं."

मैना बोलू लागली. तिचा आवाज टेलिफोनवरच्या त्या गुळगुळीत आवाजासारखा अजिबात नव्हता. "मी म्हणतेय, की तुम्ही मला थकव्याचं विचारलं नाहीत. मला थोडे ओठ वाचता येतात. मरणाचा शब्द मला ओठांवर ओळखता येतो. मी तो हॉस्पिटलात पाहिलाय. डॉक्टर मुलीशी बोलत होते आणि मी त्यांचं तोंड पाहत होते. मी मुलीला विचारलं, काय म्हणतात? मुलगी म्हणाली, बाबांना आता झोप लागेल, तू घरी जाऊन त्यांचे धुतलेले कपडे आण." मैना थांबली. आईनं बोटानं खूण केली, पुढे. "मी गेले. तिनं सांगितलं म्हणून गेले. कपडे चुरगळलेले होते म्हणून इस्त्री करत बसले. परत आले तेव्हा नवरा गेला होता, आणि त्याचे हात कुणीतरी चादरीखाली खोचून ठेवले होते. माझ्या मुलीनं मला खोटं सांगितलं."

दुसऱ्याचं बोलणं बोलायची मैनाला जन्माची सवय होती, पण स्वतःच्या तोंडानं स्वतःवर असा घाव घालायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर आईच्या हातांवर खिळलेली असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं. बाईंनी तिला रुमाल दिला आणि मग शांतपणे म्हणाल्या, की मघाचा प्रश्न मी पुन्हा विचारते. विचारल्यानं कुणी मरत नाही. न विचारल्यानं माणूस एकटं पडतं.

या वेळी मैनानं विचारलं. आई, तुला मरावंसं वाटतं का? आईचा चेहरा सैल पडला, कुणीतरी हातातलं जड ओझं खाली ठेवावं तसा. हो, ती म्हणाली. मैनाही म्हणाली, हो. बाईंनी पुढे विचारलं, काही ठरवलंय का? हो. घरी तसं काही ठेवलंय? गोळ्या साठवल्यात. कुठे?

आईनं हात खिशात घातले.

मैना मनातल्या मनात घराचा कोपरा न् कोपरा धुंडाळत होती, कपाट, डबे, गादीची शिवण. बाईंनी घाई केली नाही. त्यांनी आईला सांगितलं की मला तुमची काळजी वाटते, तुम्ही एकट्या राहू नयेत, आजच हॉस्पिटलात माझ्या ओळखीच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासावं, कदाचित तिथे राहावंही लागेल. मैनाला ते जरा बसून बोलू, तपासून घेऊ असं मऊ करून सांगायची इतकी उबळ आली की दातांखाली ओठ आला. पण तिनं सांगितलं. हॉस्पिटल, आज, कदाचित राहायला.

मग आईचे हात खिशातून बाहेर आले. ती बाईंकडे बघत नव्हती, मैनाकडे बघत होती.

मैना हळूच म्हणाली, "मी... आई मला विचारतेय. तुम्हाला नाही."

"तरीही सांगा."

"बाबा शेवटी काय म्हणाले? तू मला सांगितलंस, ते म्हणाले शांत वाटतंय, हिला सांभाळ. माझा नवरा आयुष्यात असलं वाक्य बोलला नाही. ते वाक्य तुझं आहे. वर्षभर ते उलटून-पालटून बघतेय, त्यात तो कुठे सापडत नाही. त्याचं मला दे."

मैनाला ते आठवत नव्हतं असं नाही. ते तिनं इतकं खोल पुरलं होतं, की स्वतःलाही दाखवत नव्हती. त्या वेळी खोलीत ती एकटीच होती आणि वडिलांच्या हातांत सुया टोचलेल्या होत्या, तरी ते बोलले होते. ते जर आज सांगितलं आणि आईनं उरलासुरला धागाही तोडला तर? आपण चांगलं करायला गेलो आणि एकदा त्याचं हे झालं. आता वाईट सांगायला जावं आणि त्याचं काय होईल? तिनं बाईंकडे पाहिलं. मला फार भीती वाटते, ती म्हणाली, या वेळी स्वतःच्या वतीनं. ते ऐकून आईला काही झालं तर?

बाईंनी सांगा असंही म्हटलं नाही आणि सांगू नका असंही म्हटलं नाही. मी इथे बसले आहे, कुठे जात नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

मैनानं हात उचलले. वडिलांची खूण करायची ढब तिला येत होती, आखूड, खरखरीत, एक खांदा उडवत. तिनं ती तशीच केली. कुठे तडमडली ही बाई? मग थोडं थांबून, कारण तेव्हा तेही दम खायला थांबले होते. कपड्यांना इस्त्री करत बसली असेल. मी काय लग्नाला निघालोय?

नंतर तिनं तेच शब्द बाईंसाठी मोठ्यानं म्हटले. म्हणताना तिला आईकडे बघवेना, म्हणून ती टेबलाकडे बघत राहिली.

आधी तिला नुसता आवाज आला. तो घशाच्या तळातून आलेला, खडबडीत, उंच-खाली होणारा आवाज होता. आईला तो कधी ऐकू आला नव्हता, म्हणून तिनं तो कधी आवरला नव्हता. मैनानं मान वर केली. आई हसत होती. तोंड उघडं टाकून, पोट धरून हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. गाढव, ती हातांनी म्हणत होती, मरताना पण गाढव, मी इस्त्री करत होते, याला कसं कळलं, मी खरंच इस्त्री करत होते. मग ते हसू मोडलं आणि त्याचं रडं झालं, त्याच आवाजात, आणि ते बराच वेळ चाललं. मैना काहीच गाळत नव्हती. गाढव म्हणतेय, ती बाईंना सांगत होती. अजून गाढवच म्हणतेय. आता रडतेय. बाई म्हणाल्या, ते दिसतंय मला.

आईनं स्वेटरच्या बाहीनं तोंड पुसलं. तिचे हात आता मांडीवर उघडे पडले होते. भीती खोलीतून गेली नव्हती, आणि बाईंनी टेबलावरचा फोन उचलून हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा नंबर फिरवायलाही सुरुवात केली होती. आईनं मैनाच्या गुडघ्यावर थापटलं आणि तिनं आपल्याकडे पाहिल्यावर सावकाश, एकेक शब्द सुटा करून काहीतरी सांगितलं. मग तिनं बाईंकडे बोट दाखवलं. यांना सांग.

मैनानं डोळे पुसले.

"मी सांगते गोळ्या कुठे आहेत ते," ती म्हणाली. "नवऱ्याच्या काळ्या बुटांत आहेत, डाव्या. आधी घरी जाऊन त्या काढून घ्या, मग मला हॉस्पिटलात न्या. आणि मला कपडे हवेत, पण इस्त्री करायला वेळ घालवू नका."